जोडीणीचा हात

सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, सात बायका डोळे मिटून चालत होत्या.

दोन-तीन पावलं पुढे, मग उजवा तळवा आभाळाकडे करून मनगट गर्रकन फिरवायचं, मग मान मागे टाकायची, टाचेवर वळायचं आणि पुन्हा चालू लागायचं. एकीचं दुसरीकडे लक्ष नाही. ओठ हलतायत, शब्द नाही. त्यांच्या पलीकडे धावपट्टीच्या कडेला त्यांची इवली इवली विमानं रांगेत उभी होती, लग्नघराबाहेर चपला काढून ठेवाव्यात तशी.

"ह्या काय खूळ गो?" भामाआये म्हणाली. "सगळ्यांच्या एकदम आंगात इला काय?"

"आये, हळू बोल," त्या सातांतल्या अबोलीनं, तिच्या लेकीनं, एक डोळा उघडला. "सराव असा तो."

"जमिनीर?"

"वर करूक देनत नाय, म्हणान जमिनीर."

खरंच होतं ते. हवाई कसरतींच्या स्पर्धेत शेवटची फेरी अज्ञाताची असते. आभाळात एक न दिसणारी खोली कल्पायची, किलोमीटरभर लांब, तेवढीच रुंद, तेवढीच उंच. तिच्या भिंतींना न शिवता विमानानं गिरक्या, कोलांट्या, उभ्या चढी, उलटे झोके घ्यायचे. परीक्षक खाली खुर्च्यांत माना वर करून बसतात आणि जरा रेघ वाकली की गुण कापतात. त्या गिरक्यांचा क्रम वैमानिकाच्या हातात आदल्या संध्याकाळी पडतो. उडून बघायची परवानगी नाही. म्हणून सगळ्या जणी तो जमिनीवर चालून बघतात, हाताचं विमान करून. जगभर हा नाच असाच नाचतात. पण कातळवाडीच्या सड्यावर, कार्तिकातल्या पिवळ्या पडत चाललेल्या गवतात, बघायला आलेल्या भामाआयेला आणि तिच्या फुगडीवाल्या मैत्रिणींना मात्र तो जरा ओळखीचा वाटला.

"हात बरो फिरता त्या लांबड्या चेडवाचो," भामाआये आपल्या मैत्रिणींना म्हणाली.

ते लांबडं चेडू, ती उंच पोरगी, म्हणजे निलोफर शेख, धुळ्याची. गेली सहा वर्षं ती आणि अबोली राऊळ एकमेकींच्या मागेपुढे होत्या. कधी ही वर, कधी ती. नाच संपवून ती अबोलीजवळ आली आणि वाकून भामाआयेच्या पाया पडली.

"मावशी, आज रुमाल धुळ्याला जाणार हं. आमच्याकडं ऊन लई, डोक्याला लागतो."

"न्हे गो बाय," भामाआये म्हणाली. "पण आधी माझ्या चेडवाक हरव."

रुमाल म्हणजे यमुना साटमचा रुमाल.

यमुना साटम ही या खेळातली आपल्याकडची पहिली बाई. ती उतरली की लोक तिच्या विमानाच्या मागच्या जागेत वाकून बघायचे, कुणी बाप्या लपून बसलाय का म्हणून. बाई एवढं उडवते हे पटायचंच नाही. एका वर्तमानपत्रानं तर तशी शंका छापलीही. तेव्हापासून ती उतरली की पंखावर उभी राहायची, डोक्याचा चौकड्यांचा रुमाल सोडून तोंड पुसायची आणि म्हणायची, "हात माझा होता." एवढंच बोलून खाली उडी मारायची.

ती गेली, रुमाल राहिला. दरवर्षी सगळ्या फेऱ्यांत मिळून पहिल्या येणाऱ्या बाईला तो मिळतो. ती वर्षभर डोक्याला बांधते, आपल्या आवडत्या गिरकीची रेघ त्याच्यावर सुईदोऱ्यानं काढते आणि पुढच्या वर्षी परत आणते. जुन्या चौकड्या आता कशिद्याखाली जवळजवळ झाकून गेल्यात. पण तो कुणी कुणाला देत नाही. विजेतीनं आपल्या विमानाच्या पंखावर उभं राहून यमुनाबाईंचं वाक्य बोलायचं आणि मग तो स्वतःच्या हातानं उचलायचा. वाक्य नाही, तर रुमाल नाही.

अबोलीनं तो आजवर दोनदा फक्त जवळून पाहिला होता. वय अडतिसाकडे झुकलं होतं. या खेळात शरीर आधी कुरकुरतं आणि मग एकदम बोलतं. आणखी एखादं वर्ष, फार तर दोन.

*

विमान जोरात वर खेचलं की माणसाचं वजन सहापट-सातपट होतं. रक्तालाही वजन असतं. ते पायांकडे धावतं, डोकं कोरडं पडत जातं. आधी रंग जातात. मग नजरेच्या कडा जातात, नळकांड्यातून बघावं तसं दिसू लागतं. मग काहीच नाही. त्याहून वाईट म्हणजे आधी उलटं आणि लगेच सुलटं. उलट्या झोक्यात रक्त डोक्यात दाटतं. शरीराला वाटतं, फार झालं, आणि ते शिरा सैल सोडतं, काळीज धीमं करतं. नेमकं तेव्हाच विमान वर खेचलं, तर रक्त असं निसटतं की सावरायला सवड मिळत नाही.

यावरचा जुना उपाय श्वासाचा. मांड्या आवळायच्या, पोट आवळायचं, ओठ मिटून श्वास कोंडायचा आणि झटक्याझटक्यानं सोडायचा, म्हणजे रक्त वरच थोपून राहतं. शिकवणारे घशातून 'हक् हक्' करायला सांगतात. अबोलीला ते कधी जमलं नाही. शिकाऊ दिवसांत ती दोनदा विमानात ओकली आणि सुट्टीला घरी आली. गौरी-गणपती होते. घरापुढच्या खळ्यात आये फुगडी घालत होती. फुगडी रंगात आली की गाणं मागे पडतं आणि बायकांच्या तोंडी नुसती फू उरते, पोटातून उठणारी, ओठांवर फुटणारी फू. त्या फूवर त्या गरगर फिरतात आणि पडत नाहीत. अबोली बघत राहिली. परत गेल्यावर तिनं विमानात फू केली. रंग गेले नाहीत.

"काय आवाज काढतेस हा?" तिच्या गुरूनं विचारलं होतं.

"आमच्याकडचा आहे, सर," ती म्हणाली होती.

नवा उपाय डॉक्टर सौमित्र रेग्यांचा. कपाळाला एक पातळ पट्टी बांधायची. तिच्यातून न दिसणारा तांबड्यापलीकडचा प्रकाश हाडातून आत शिरतो आणि मेंदूच्या रक्तात प्राणवायू किती उरलाय ते सांगतो. शुद्ध जायच्या क्षणभर आधी पट्टीला ते कळतं. पण कळून उपयोग काय? तोवर विमान जमिनीकडे तोंड करून असतं. म्हणून डॉक्टरांनी विमानाच्या दांड्याला दुसरा हात जोडला, न दिसणारा. तो हात त्या वैमानिकाबरोबर महिनोन् महिने उडतो, तिचा हात शिकतो. आणि तिची शुद्ध हलली की तो दांडा धरतो आणि गिरकी पुरी करतो, तिनंच केली असती तशी. धक्का बसत नाही, कळतही नाही. पुढ्यात एक पिवळा दिवा तेवढा लागतो आणि तिचा हात सावरला की विझतो.

डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलं होतं. अबोलीनं त्याला जोडीण म्हटलं. फुगडीत समोरची बाई हात धरून असते, ती जोडीण. तुमचा तोल गेला तरी ती सोडत नाही.

जोडीण शिकून तयार झाली त्या दिवशी डॉक्टरांनी अबोलीला हात मांडीवर ठेवायला सांगितलं. विमान आपलं आपण वर गेलं, वळलं, उलटं झालं. गिरकी घेण्याआधी अबोलीचा हात किंचित थांबतो, जात्यात घास टाकताना थांबावं तसा. जोडीणही थांबली. तशीच, तेवढीच. अबोलीच्या डोळ्यांना धार लागली आणि विमान उलटं असल्यामुळे ती कपाळाकडे वाहत गेली.

घरी सांगितलं तर आये हसून हसून लोळायची बाकी राहिली. "नवरो करूक नाय, आणि सवत घरात घेऊन इलंस?"

जोडीणीचं गाऱ्हाणं निराळंच होतं. सुरुवातीला वैमानिकांनी पट्ट्या सैल बांधल्या. कारण जोडीण आली म्हणजे शुद्ध गेली, आणि शुद्ध गेली असं कागदावर आलं की उडायचा परवाना जातो. जीव वाचवणारं यंत्र चुगलखोर ठरलं. मग महासंघानं नियम केला: जोडीणीची नोंद वैमानिकाच्या कुलपात. तिनं स्वतः उघडली तरच उघडायची. परीक्षकांना नाही, डॉक्टरांना नाही. स्पर्धेत शुद्ध जाऊन गिरकी जोडीणीनं पुरी केली तर ती शून्य, पण ते सांगायचं वैमानिकानंच. यमुनाबाईंच्या वाक्याला पुन्हा एकदा धार चढली ती अशी.

*

भामाआये लेकीचं विमान कधी बघत नसे. काळजाला सोसत नाही म्हणायची. ती आणि तिच्या चार मैत्रिणी आभाळाकडे पाठ करून गवतात बसल्या, भोंग्याकडे तोंड करून. प्रेक्षकांना गंमत वाटावी म्हणून विमानातला आवाज मैदानातल्या भोंग्यांवर सोडतात. परीक्षकांच्या कानांत मात्र जाड बोळे असतात. त्यांनी फक्त रेघ बघायची.

अबोली वर गेली. खाली सड्याचा तांबडा-पिवळा तुकडा, पश्चिमेला समुद्राची लखलख. पहिल्या चढी, पहिल्या गिरक्या हातातून तेल ओघळावं तशा गेल्या. मग आला उलटा झोका. डोकं खोलीच्या तळाकडे, रक्त डोळ्यांत, जग तांबूस. झोक्याच्या शेवटी गरकन सुलटं होऊन लगेच सरळ उभी चढ. क्रम लिहिणाऱ्यानं हे दोन शेजारी ठेवले होते. दुष्ट माणूस, असं काल सगळ्या जणी म्हणाल्या होत्या.

तिनं दांडा खेचला. समुद्राची कड राखाडी झाली.

मग निळं. नुसतं निळं. विमान उभ्या चढीच्या टोकाशी होतं, पंख सरळ, नाक आभाळात. आणि पुढ्यातला पिवळा दिवा विझत होता.

मधलं काही नव्हतं. पानं चिकटावीत तसे दोन क्षण एकमेकांना चिकटले होते आणि मधलं पान गायब.

उरलेला क्रम तिनं पुरा केला. उतरली. मैदान टाळ्यांनी भरलं होतं.

"मस्त झाला गो!" आये गवतातूनच ओरडली. "काय वाजत होतंस!"

अबोलीला ते ऐकू गेलं, पण डोक्यापर्यंत पोचलं नाही. ती पंखाखाली बसली आणि बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली.

निलोफर तिच्या पाठोपाठ उडाली. छान उडाली, एका गिरकीत जराशी डगमगली तेवढीच. दुपार कलता निकाल लागला. अबोली पहिली, निलोफर दुसरी, मधे केसाएवढं अंतर. त्या उभ्या चढीला परीक्षकांनी सगळ्यात जास्त गुण दिले होते.

"झालं," निलोफरनं तिला मिठी मारली. "ठेव वर्षभर. पण कशिदा नीट काढ बाई. तुझी शिलाई बघितलीय मी, उंदरानं कुरतडल्यागत असती."

अबोली हसली नाही. निलोफरनं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, पण तिला कुणी हाक मारली आणि ती गेली.

सूर्य समुद्राकडे उतरत होता. अबोलीचं विमान लोकांनी ढकलत मांडवासमोर आणलं. डाव्या पंखाच्या टोकाशी घडी केलेला रुमाल ठेवला. आता वर चढायचं, तीन शब्द बोलायचे. कुणी विचारणार नव्हतं. दिवा तिनं एकटीनं पाहिला होता. कुलूप तिचं होतं.

आणि कुलूप उघडलं तर? आत शुद्ध गेल्याची नोंद असली, तर रुमालाचं काय घेऊन बसायचं, आभाळच बंद. अडतिसाव्या वर्षी खाली बसवलेल्या बाईला परत वर कोण पाठवतो?

तिला वाटलं, बोलून टाकावं. जोडीण कोण, माझाच हात शिकलेली ना? मग हात माझाच की. हा विचार इतका गुळगुळीत होता की तिला त्याचीच भीती वाटली. यमुनाबाई पंखावर उभी राहिली ती असल्या गुळगुळीत बोलण्यासाठी नव्हे.

ती पंखाकडे गेली नाही. मुख्य परीक्षक घोरपडे मॅडमपाशी गेली. मृणालिनी घोरपडे, हवाई दलातून निवृत्त झालेल्या, पाठ अजून बांबूसारखी.

"मॅडम, मला ते वाक्य बोलता येणार नाही."

"घसा बसला?"

"उभ्या चढीतलं मला काही आठवत नाही. दिवा लागला होता." आणि मग, मागे फिरता येऊ नये म्हणून, घाईनं: "माझं कुलूप उघडा."

घोरपडे मॅडमनी हातातला गुणांचा कागद खाली ठेवला. "अबोली, ते मी उघडू शकत नाही. तूच उघडायचं. आणि उघडलंस की परत लागत नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

तिनं कुलपावर अंगठा टेकवला.

*

डॉक्टर रेगे पडद्याशी बराच वेळ वाकून होते. मग चष्मा काढून पुसू लागले. तो स्वच्छच होता.

"सांगा हो," घोरपडे मॅडम म्हणाल्या. "चेहऱ्यावरून वाचायला लावू नका."

"प्राणवायू रेघेच्या खाली गेला होता. तीन-चार सेकंद. जोडीण आली हे खरं."

अबोलीनं मान हलवली. पायांखालचा कातळ आहे तिथंच होता, याचं तिला नवल वाटलं.

"पण एक अडचण आहे," डॉक्टर म्हणाले. "हिचा हात सुटलेला दिसत नाही. दांड्यावर दोन हात आहेत. जोडीणीचा आणि हिचा. दोन्हींची हालचाल अगदी एक. कुणी ओढलं आणि कोण नुसतं धरून होतं, ते वेगळं काढता येत नाहीये."

"तुमचं यंत्र आणि तुम्हालाच कळत नाही?"

"तिचा हात हुबेहूब शिकव म्हणूनच तर मी ते बनवलं, मॅडम. ते हुबेहूब शिकलं." डॉक्टर ओशाळून म्हणाले. "बेशुद्ध माणसाची बोटंही कधी कधी दांड्यावर आवळलेली राहतात. ती जागी होती की नव्हती, हे हातावरून सांगता येणार नाही."

मांडवात कुजबूज पसरली. कुणीतरी म्हणालं, मग रुमाल निलोफरचा. लोकांच्या माना तिकडे वळल्या. निलोफर खांबाला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. चेहऱ्यावर चांगलाच राग.

"ती जागी होती," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"मला काय माहीत? अहो, माझं नुकसान झालंय म्हणून माहीत!" निलोफर पुढे आली. "ही वर होती तेव्हा मी धावपट्टीच्या कडेला माझा नाच चालत होते. डोळे मिटून. मी उलट्या झोक्यापाशी पोचले आणि तेवढ्यात भोंग्यावर हिची फू सुरू झाली. एकदम जोरात, फू फू फू फू! माझी पावलंच चुकली. तिच्या फूवर पडायला लागली. परत पहिल्यापासून सुरू करावं लागलं. आणि वर गेल्यावर नेमकी तिथंच डगमगले की नाही मी? बघितलंत ना सगळ्यांनी?" ती अबोलीकडे वळली. "आणि तू म्हणतेस तू नव्हतीस! मग माझे गुण कुणी खाल्ले, भुतानं?"

अबोलीनं आपल्याच ओठांना बोट लावून बघितलं.

डॉक्टरांचा चष्मा हातातच राहिला. "जोडीणीला मी श्वास शिकवलाच नाही," ते हळूच म्हणाले. "हात पुरेल असं वाटलं."

"तो भोंग्यावरचा आवाज साठवलाय कुठे?" घोरपडे मॅडमनी विचारलं. कुणी साठवला नव्हता. "आणि आम्हा परीक्षकांच्या कानांत बोळे. छान. भोंग्याच्या सगळ्यात जवळ कोण बसलं होतं?"

सगळ्यांनी गवताकडे बोट दाखवलं.

भामाआये आणि तिच्या मैत्रिणी खाज्याचा, गुळात घोळलेल्या बेसनाच्या काड्यांचा, पुडा उघडून बसल्या होत्या. घोरपडे मॅडम समोर जाऊन मांडी घालून बसल्या. काय झालंय ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "भामाताई, तुमच्या लेकीचा आवाज कसा वाजत होता ते मला कराल का? मला ऐकायलाच मिळालं नाही."

"सगळो?"

"आठवेल तेवढा."

"आठवाक काय झाला? आमी तिच्या सांगातच फू करी होतो." भामाआयेनं खाज्याची बोटं पदराला पुसली, मैत्रिणींकडे बघितलं, मान हलवली. आणि पाच जणींच्या तोंडून एकदम फू निघाली.

सावकाश आधी. फू... फू... घोरपडे मॅडम उठल्या. डोळे मिटले. उजव्या हाताचं विमान केलं आणि त्या बायकांच्या श्वासावर तो क्रम चालू लागल्या: पहिली चढ, पहिली गिरकी. सत्तरीच्या जवळ आलेल्या बाईंचं मनगट चेडवासारखं फिरत होतं. एका जागी फू क्षणभर थांबली. तिथंच त्यांचा हातही थांबला, गिरकीच्या आधीचा तो अबोलीचा थांबा. मग हात उलटा झाला, झोका घेत खाली आला. बायका गप्प.

"हय काय नाय," भामाआये मधेच बोलली. "हय ती नुसती कण्हत होती."

"बरोबर आहे," डॉक्टर पुटपुटले. "उलट्या झोक्यात श्वास कोंडायचा नसतो."

हात तळाला पोचला. आणि फू उसळली. फू फू फू फू, पाचही जणी, खांदे हलवत, पोटातून, फुगडीच्या शेवटच्या गरगरीतली फू. घोरपडे मॅडमचा हात सरळ वर चढत गेला, चढत गेला, डोक्याच्या वर ताठ झाला, आणि तिथं एक लांब फू सुटली, दमलेली, मोकळी.

कुठेच तुटली नव्हती.

डॉक्टर रेगे पुढे आले. "शुद्ध गेलेला माणूस घोरतो, उसासे टाकतो. फू करू शकत नाही. फू करायला पोट आवळावं लागतं, ओठ मिटावे लागतात, वेळ साधावी लागते. ती जागी होती." ते अबोलीकडे वळले. "रक्त कमी पडलं की मेंदू आधी लिहिणं सोडतो, म्हणजे लक्षात ठेवणं, अबोली. करणं तो फार उशिरा सोडतो. तू केलंस. लिहिलं तेवढं नाहीस."

"आणि परवाना?" तिनं विचारलं.

"चार आठवडे खाली बस. तपासू. खा-पी जरा, रक्त वाढव. मग जा वर." आणि मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं: "पट्टीबरोबर आता कानही लावायला हवा."

भामाआयेनं अबोलीला खाली ओढून शेजारी बसवलं.

"कित्याक इतक्या घाबारलंस गो? तुका काय झाला होता?"

"आये, माका आठवणाच नाय गो, मी वर होतंय की नाय ता."

"तू होतंस. आमी ऐकला मा." आयेनं खाज्याचा तुकडा तिच्या तोंडात कोंबला. "तुझी सवत मुकी असा, बाये. ती खंय फू करता?"

*

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा अबोली पंखावर चढली. खाली निलोफर सगळ्यात पुढे होती.

"हात..." ती म्हणाली आणि थांबली. गिरकीच्या आधी थांबते तशीच. "हात कुणाचा होता ते यंत्रालाही सांगता येईना. तेव्हा मी माझाच होता असं म्हणणार नाही. दोघींचा असेल. पण फू माझी होती."

लोक घोरपडे मॅडमकडे बघू लागले.

"यमुनाबाईंचं वाक्य बदलायची पद्धत नाही," मॅडम म्हणाल्या. कोपऱ्यातून कुणीतरी सुस्कारा सोडला. "पण यमुनाबाईंच्या विमानात खरोखरच दुसरं कुणी नव्हतं. तुझ्यात होतं, आणि तू ते कुणी न विचारता सांगितलंस. घे तो रुमाल. वारा सुटलाय, उडून जाईल."

अबोलीनं तो उचलला. किती हलका होता! कशिद्याच्या रेघा बोटांना लागल्या, बोरीच्या काट्यांसारख्या नाही, पाठीवर फिरणाऱ्या आयेच्या हातासारख्या. तिनं तो डोक्याला बांधला आणि खाली उडी मारली, थेट निलोफरसमोर.

"पुढच्या वर्षी मी कानात बोळे घालून नाचणार," निलोफर म्हणाली. "तुझी फू नको आणि तू नको."

"घाल की. हात आण."

"कशाला?"

"आण गो."

हात गुंफले, उजवा उजव्यात, डावा डाव्यात. पावलं जुळवली, अंग मागे टाकलं. धुळ्याच्या पोरीला फुगडी कुठली यायला, पण टाचेवर वळणं तिच्या रक्तातलं होतं. भामाआयेनं टाळी धरली आणि जागच्या जागी जुळवून गायला सुरुवात केली:

*सड्यावरच्या फुला गो, वारो तुका झुलयता,*
*वर माजी मैना फिरता, खाली आये ऐकता.*
*सवत इली, सवत इली, हात तिणा शिकललो,*
*फू मात्र माजी गो, आयेकडसून घेतललो!*

"आये, फू घेतलली व्हयी, घेतललो न्हय!" अबोली फिरता फिरता ओरडली.

"तू फीर गप! गाण्यात चलता!"

मग गाणं मागे पडलं. दोघींच्या तोंडी फू उरली. सडा, मांडव, विमानं, तांबडा समुद्र, सगळं एका गोल रेघेत मिसळलं आणि निलोफर खिदळत म्हणाली, "सोडू नको गं, सोडू नको, पडेन मी!" अबोलीनं सोडलं नाही.

दोघीही पडल्याच शेवटी, गवतात, एकमेकींच्या अंगावर, रुमाल अबोलीच्या डोळ्यांवर घसरलेला. तो तिनं लगेच सारला नाही. ते मधलं पान तिला अजूनही आठवत नव्हतं, आणि डॉक्टर म्हणाले तसं ते कधी आठवणारही नव्हतं. पण पलीकडे गवतात पाच बायका खाज्याचा उरलेला पुडा बांधत, अजून हळू आवाजात तेच फुंकत होत्या, फू, फू, फू, जिथं ते पान होतं नेमकं तिथलं. तिला वाटलं, राहू दे की त्यांच्यापाशी. चांगलं ठेवलंय त्यांनी.